गाडीतील कपाटे : मोडावीत की सोडवावीत?



गेल्या उन्हाळ्याच्या सुट्टीत आपल्या शाळेच्या मागील अंगणात, कडुनिंबाच्या सावलीत, एक उंच टपाची पांढरी गाडी उभी होती, ती तुम्हांपैकी बहुतेकांनी पाहिली असेल. आज तीच गाडी पुस्तके घेऊन आसपासच्या वाड्यांवर आणि तांड्यांवर जाते. परंतु गाडीत पुस्तके भरण्यापूर्वी तिच्यातील जुनी कपाटे काढावी लागली, आणि ते काम वाटले होते तितके सोपे निघाले नाही. पहिल्याच दिवशी आमच्या हातून एक चूक घडली. त्या चुकीने जे शिकविले ते तुम्हां सर्वांस, तसेच घरोघरी हा अंक वाचणाऱ्या वडीलधाऱ्यांस, उपयोगी पडेल असे वाटल्यावरून हा लेख लिहीत आहे.

प्रथम गाडीविषयी. पुण्याजवळील आकुर्डी येथील बजाज टेंपो या कारखान्याच्या (२००५ पासून त्याचे नाव फोर्स मोटर्स असे आहे) मॅटाडोर आणि ट्रॅव्हलर या गाड्या आपल्या भागात सर्वांच्या परिचयाच्या आहेत. ट्रॅव्हलर १९८७ पासून तयार होऊ लागली. आपल्या गावातील एका सेवानिवृत्त ओव्हरसियर गृहस्थांनी अशीच एक जुनी गाडी विकत घेऊन आतील आसने काढविली, आणि स्वतःच्या हातांनी तिच्यात चार माणसांचा संसार थाटला. डाव्या अंगाला ओटा आणि त्याखाली भांड्यांचे कपाट, उजव्या अंगाला झोपण्याचा फळ्यांचा पलंग आणि त्याच्या पोटात अंथरुणाची पेटी, वर टपाला लागून कपड्यांची लहान लहान कपाटे, आणि मागील दाराजवळ देवांसाठी एक वीतभर खोलीचे कपाट. या गाडीतून ते आणि त्यांच्या पत्नी पंढरपूर, तुळजापूर, अक्कलकोट, गाणगापूर अशा यात्रा वर्षानुवर्षे करीत असत. ते वारल्यावर आजींनी गाडी शाळेला दिली. देताना त्यांनी कोणतीही अट घातली नाही. "मुलांच्या कामी येऊ दे," एवढेच त्या म्हणाल्या.

गाडीत घर करण्याची ही कल्पना नवी नाही. जर्मनीतील वेस्टफालिया या कारखान्याने १९५० च्या दशकाच्या आरंभी फोक्सवॅगनच्या गाडीसाठी कपाटे आणि बिछाना यांचा एक संच तयार केला. त्याचे वैशिष्ट्य असे की तो गाडीतून बाहेर काढता येत असे. आठवडाभर गाडीने माल वाहावा आणि सुट्टीच्या दिवशी तिने घर व्हावे, असा त्यामागील हेतू होता. पुढे अशा गाड्यांतील कपाटे अधिकाधिक पक्की बसविली जाऊ लागली, आणि ती काढणे हे एक स्वतंत्र कामच होऊन बसले. आमच्यापुढे नेमके हेच काम होते.

आता आमची चूक. सुट्टीचा पहिला दिवस, दहावीची अकरा मुले-मुली, अंगात उत्साह आणि हातात शाळेच्या बागेतील पहार! "एका दुपारचे काम," असे मीही म्हणाले. ओट्याखालील कपाटाच्या मागे पहारेचे टोक घालून दोघांनी जोर केला. प्लायवुड कडाडून फाटले, त्यामागील पत्रा बाहेरच्या बाजूस फुगला, आणि फळीमागून गेलेली विजेची तार तुटून तिच्यातून ठिणगी उडाली. सुदैवाने कोणास इजा झाली नाही. पण आवाज ऐकून मी मागे वळले, तेव्हा आजी कुंपणापाशी उभ्या असलेल्या दिसल्या. त्या काही बोलल्या नाहीत. पदर सावरून परत गेल्या. त्या दिवशी काम तेथेच थांबविले.

दुसऱ्या दिवशी गावातील एका वृद्ध सुतारांना बोलाविले. सारा गाव त्यांना मामा म्हणतो. त्यांनी फाटलेली फळी हातात घेऊन उलटसुलट पाहिली आणि म्हणाले, "बाई, हे मोडायचं काम नव्हे, सोडवायचं काम आहे. ज्यानं बसवलं, त्यानं शेवटी काय बसवलं ते आधी शोधा. ते पहिलं निघंल." या दोन वाक्यांत सर्व शास्त्र आले आहे. पुढे जे सांगणार आहे तो त्याचाच विस्तार होय.

घरातील कपाट आणि गाडीतील कपाट यांत मूलतः फरक असतो. घरातील कपाट स्वतःच्या पायांवर उभे असते. भिंतीला टेकले तरी भिंतीचा भाग नसते. गाडी मात्र धावते, वळते, एकाएकी थांबते आणि आपल्याकडील रस्त्यांवर आदळतेही. म्हणून तिच्यातील प्रत्येक कपाट तीन ठिकाणी जखडावे लागते : खाली तळाला, मागे बाजूच्या लोखंडी फासळ्यांना, आणि शेजारच्या कपाटाला. तळाशी बहुधा आरपार बोल्ट असतो. त्याचे डोके आत आणि नट गाडीच्या पोटाखाली, चिखलात माखलेला. फासळ्यांना स्क्रू किंवा रिव्हेट मारलेली असतात. शेजारशेजारच्या दोन कपाटांत मात्र आतून स्क्रू असतात आणि ते सहसा दिसत नाहीत. खणाच्या मागे, कडेच्या पट्टीखाली किंवा सनमायकाच्या रंगाच्या लहान टोपीखाली ते दडलेले असतात. कपाट हलत नाही याचा अर्थ जोर कमी पडतो असा नसून, कोठेतरी एक स्क्रू अजून राहिला आहे, असा असतो. हे एक सूत्र ध्यानात ठेवले तरी निम्मे नुकसान टळते.

हत्याराला हात लावण्यापूर्वी तीन गोष्टी बंद कराव्यात. पहिली वीज. गाडीच्या बॅटरीचे ऋण टोक प्रथम सोडवावे, धन टोक नंतर. याचे कारण समजून घेण्यासारखे आहे. बहुतेक गाड्यांत लोखंडी सांगाडा ऋण टोकाला जोडलेला असतो. आपण धन टोक आधी सोडवू लागलो आणि पान्याचे दुसरे टोक चुकून सांगाड्याला लागले, तर पान्यातूनच प्रचंड प्रवाह वाहतो आणि हात भाजतो. ऋण टोक आधी काढले असता सांगाड्याचा संबंध तुटतो, आणि मग पाना कोठे टेकला तरी भय उरत नाही. दुसरी गोष्ट गॅस. ओट्यावर शेगडी असल्यास सिलिंडर बाहेर काढून दूर मोकळ्या जागी ठेवावा, आणि दारे-खिडक्या बराच वेळ उघड्या ठेवाव्यात. कारण स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असल्याने तो तळाशी, कपाटांच्या पोटात साचून राहतो. गळती पाहावयाची तर साबणाच्या पाण्याचे बुडबुडे पाहावेत. काडी ओढून पाहण्याचा अविचार कोणी कधीही करू नये. तिसरी गोष्ट पाणी. टाकी रिकामी करून नळ्यांतील उरलेसुरले पाणीही काढावे.

यानंतर वही आणि पेन्सिल. प्रत्येक कपाटाची एक साधी आकृती काढावी, छायाचित्र घ्यावे, आणि प्रत्येक ठिकाणचे स्क्रू वेगळ्या कागदी पुडीत घालून तिच्यावर क्रमांक लिहावा. आमच्या मुलींनी जुन्या उत्तरपत्रिकांच्या पुड्या केल्या. हे काम कंटाळवाणे वाटते खरे. परंतु दीड इंचाच्या स्क्रूच्या जागी अडीच इंचाचा स्क्रू परत बसविला, तर तो पत्र्याच्या बाहेर डोके काढतो, आणि तळाशी असेल तर खालून गेलेल्या डिझेलच्या किंवा ब्रेकच्या नळीलाही भोक पाडू शकतो. कागदाची एक पुडी हा अनर्थ टाळते.

आता क्रम. बसविताना जे शेवटी बसविले जाते ते काढताना पहिले निघते, हा मामांचा नियम. व्यवहारात तो असा उतरतो. आधी सुटे सामान, मग खण, मग दारे. दार काढताना बिजागरीचे स्क्रू कपाटाच्या बाजूने सोडवावेत म्हणजे बिजागरी दारालाच राहते आणि हरवत नाही. त्यानंतर आतील फळ्या, त्यानंतर ओट्याची वरची फळी, आणि सर्वांत शेवटी कपाटाचा सांगाडा. दारे आणि फळ्या आधी काढल्याने सांगाडा हलका होतो, आणि आतील दडलेले स्क्रूही उघडे पडतात. कोणते कपाट आधी, हा प्रश्न पडल्यास पाहावे की कोणाचा भार कोणावर आहे. ज्याच्यावर दुसऱ्याचा भार आहे त्याने थांबावे. जे दुसऱ्यावर टेकले आहे त्याने आधी निघावे. टपालगतच्या कपाटांच्या बाबतीत एक दक्षता अधिक घ्यावी लागते. शेवटचा स्क्रू काढण्यापूर्वी खालून बांबूचे दोन टेकू द्यावेत आणि दोघांनी दोन्ही बाजूंनी धरावे. तो शेवटचा स्क्रू निघाला की सर्व वजन एकाएकी हातांवर येते, याची पूर्वकल्पना नसेल तर डोक्याला जखम ठरलेलीच.

गंजलेला स्क्रू ही या कामातील खरी परीक्षा. आपल्या बिदर-कलबुर्गीकडे उन्हाळा कडक आणि पावसाळा त्याच्या मागोमाग येतो. उन्हाने लाकूड आकसते, फटी पडतात. पावसाचे पाणी त्या फटींतून आत शिरते आणि स्क्रू व पत्रा यांच्यामध्ये गंजाचा थर धरतो. गंज हा मूळ लोखंडापेक्षा अधिक जागा व्यापतो, म्हणून तो स्क्रूला पाचरीसारखा आवळून धरतो. अशा वेळी जोराने पिळले असता स्क्रूच्या डोक्यावरील खाच झिजते आणि मग त्याला कोणताच पेचकस लागू पडत नाही. यावर मामांनी सांगितलेला उपाय असा : खाचेतील घाण टाचणीने काढावी, पातळ तेलाचे दोन थेंब सोडावेत आणि रात्रभर राहू द्यावेत. सकाळी खाचेत नेमका बसणारा पेचकस लावून त्याच्या मुठीवर हातोडीने हलकेच दोन टोले द्यावेत. त्यानंतर स्क्रू सैल करण्याआधी किंचित आवळावा. मुलांना हे उलटे वाटले. परंतु आवळण्याच्या त्या सूक्ष्म हालचालीने गंजाचा थर फुटतो, आणि मग स्क्रू उलट फिरू लागतो. तरीही न हलल्यास, जवळपास गॅस, फोम वा प्लास्टिक नाही याची खात्री करून, स्क्रूच्या डोक्यावर तापलेली डाग देण्याची कडी टेकवावी. उष्णतेने स्क्रू प्रसरण पावतो, थंड होताना आकुंचन पावतो. या दोन हालचालींत गंजाची पकड सुटते आणि तेलाला आत वाट मिळते. विज्ञानाच्या तासाला शिकलेले प्रसरण असे कामी येते.

रिव्हेटची गोष्ट निराळी आहे. स्क्रू सोडविता येतो. रिव्हेट एकदा मारले की ते फिरून काढण्यासाठी नसतेच. त्याच्या डोक्यावर मध्यभागी लहान खळगा असतो. आधी त्यातील खिळ्याचा उरलेला तुकडा बारीक पंचने आत ठोकावा, मग रिव्हेटच्या दांड्याएवढ्या जाडीचे गिरमिट लावून फक्त डोके कापावे. डोके निघाले की उरलेला भाग आत ढकलता येतो. येथे घाई केल्यास गिरमिट घसरून पत्र्यावर ओरखडे उठतात. हे काम आमच्याकडे मामांनी स्वतः, डोळ्यांवर चष्मा लावून केले. यंत्र चालविणे मुलांना करू दिले नाही, आणि तुम्हीही ते मोठ्यांवाचून करू नये.

जेथे फळी सरसाने चिकटविलेली असते तेथे पहारेऐवजी रुंद, पातळ पात्याची पट्टी वापरावी. ती हळूहळू आत सरकवावी, तिच्या मागोमाग लाकडी पाचर घालावी, आणि थोडे थोडे पुढे जावे. फळीमागे काचतंतूंचा किंवा फोमचा थर आढळल्यास नाक-तोंड झाकावे, पूर्ण बाह्यांचे कपडे घालावेत आणि हात धुतल्यावाचून डोळ्यांना लावू नयेत. फार जुन्या गाडीत राखाडी, तंतुमय, कडक असा थर दिसला तर तो ॲस्बेस्टॉसचा असू शकतो. तो मुळीच खरवडू नये, जाणकाराला बोलवावे. त्याची धूळ फुप्फुसांना अत्यंत घातक आहे.

काम चालू असता एक गमतीची गोष्ट दिसली. ओट्याच्या कडेला ॲल्युमिनियमची पट्टी होती आणि तिला लोखंडी स्क्रू मारलेले होते. प्रत्येक स्क्रूभोवती पांढरी भुकटी साचली होती आणि पट्टीची भोके मोठी झाली होती. दोन भिन्न धातू एकमेकांस लागून असले आणि त्यांमध्ये ओल शिरली, की एक लहानसा विद्युत्-घटच तयार होतो, आणि त्यांतील अधिक क्रियाशील धातू झिजू लागतो. येथे झिजले ते ॲल्युमिनियम. लोखंडी पत्र्यावर जस्ताचा मुलामा देतात तो याच कारणाने : जस्त स्वतः झिजते आणि लोखंडाला वाचविते. जस्त म्हटले की आपल्या बिदरच्या मुलांना बिदरी भांडी आठवलीच पाहिजेत. बिदरीचा मूळ धातू मुख्यतः जस्ताचा असतो आणि त्यात थोडे तांबे असते. त्यावर नक्षी कोरून तिच्यात चांदीची तार ठोकून बसवितात. ती तार पुन्हा कधी निघावी अशी कारागिराची इच्छाच नसते. बिदरीत ते योग्यच आहे, कारण तेथे दोन धातूंचे एकजीव होणे हीच कला आहे. गाडीतील कपाट मात्र उद्या कोणाला तरी काढावे लागणार, हे जाणूनच बसवावे लागते.

आणि आमच्या गाडीतील कपाटे तशीच बसविली होती, हे तिसऱ्या दिवशी उघड झाले. पलंगाखालील पेटीची मागची फळी अलगद बाहेर आली, तेव्हा तिच्या पाठीवर पेन्सिलीने लिहिलेला एक आकडा दिसला : ९. आम्ही इतर फळ्या उलटून पाहिल्या. प्रत्येकीवर आकडा होता. १ पासून १४ पर्यंत, ज्या क्रमाने फळ्या बसविल्या त्या क्रमाने. चौदावी आधी आणि पहिली शेवटी काढली असती, तर एकही फळी अडली नसती. त्या गृहस्थांनी आपले काम उलगडण्याची वाट स्वतःच लिहून ठेवली होती. पहिल्या दिवशी पहारेने फाटलेल्या फळीचे तुकडे जुळविले तेव्हा त्यांवर ३ हा आकडा निघाला. आम्ही तिसऱ्या पायरीपासून, तेही मागील बाजूने, सुरुवात केली होती. मुले बराच वेळ गप्प होती. मलाही काही सुचले नाही.

येथे एका महत्त्वाच्या प्रश्नाचा उलगडा केला पाहिजे. कपाटे काढल्याने गाडी दुबळी होते काय? उत्तर गाडीच्या बांधणीवर अवलंबून आहे. पोलादी पत्र्याच्या गाडीला स्वतःच्या फासळ्या असतात. तिचा टप कपाटांवर उभा नसतो. परंतु परदेशांत मोटारीमागे जोडावयाची जी हलकी चाकांची घरे असतात, त्यांपैकी कित्येकांच्या भिंती लाकडी पट्ट्यांच्या आणि पातळ पत्र्याच्या असतात. तेथे उंच कपाट हे भिंतीला आणि छताला धरून ठेवणारा जणू खांबच असतो. ते विचार न करता काढले तर भिंत डुलू लागते आणि छत खचते. म्हणून कपाट काढण्यापूर्वी विचारावे की ते केवळ सामान धरून आहे, की घरही धरून आहे. जुन्या वाड्याची दुरुस्ती काढतानाही हाच प्रश्न विचारावा लागतो.

कपाटे निघाली म्हणजे काम संपले असे नव्हे. गाडीच्या तळाला चाळीस-पन्नास भोके उघडी पडतात. त्यांतून पावसाचे पाणी येते, धूळ येते, आणि सर्वांत वाईट म्हणजे इंजिनाचा धूर आत शिरू शकतो. त्यातील कार्बन मोनॉक्साइड हा वायू दिसत नाही, त्याला वासही नसतो, आणि तो प्राणघातक आहे. म्हणून प्रत्येक भोक बुजवावे. आम्ही आधी तारेच्या ब्रशने गंज खरवडला, रेडऑक्साइडचा हात दिला, भोके पत्र्याच्या चकत्यांनी व सीलबंद लेपाने बुजविली आणि मग रंग दिला. फुगलेला पत्रा गावातील गॅरेजमध्ये ठोकून सरळ करून घेतला. पण बोट फिरविले तर तेथील उंचवटा आजही लागतो.

कायद्याकडेही दुर्लक्ष करून चालत नाही. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे, नोंदणीपत्रातील तपशील आणि प्रत्यक्ष गाडी यांत तफावत पडेल असा बदल मालकाला मनाप्रमाणे करता येत नाही. आसनांची संख्या किंवा गाडीचा उपयोग बदलत असेल, तर आधी प्रादेशिक परिवहन कार्यालयात जाऊन विचारावे. आपल्या भागात बिदर, भालकी आणि कलबुर्गी येथे अशी कार्यालये आहेत. गाडीवरील केए ३८, केए ३९ आणि केए ३२ हे आकडे अनुक्रमे त्यांचेच. आम्ही आधी विचारून, लेखी घेऊन मगच पुढे गेलो. आणि ज्या गाडीत मुलांसाठी नीट बसविलेली आसने व पट्टे नाहीत, त्या गाडीतून मुलांना नेऊ नये, हा नियम आम्ही स्वतःसाठी केला. आपल्या वाचनालयाच्या गाडीत म्हणूनच पुस्तके जातात. मुले मागाहून एस. टी. ने किंवा सायकलीने येतात.

काढलेली सर्व कपाटे आम्ही एका आडत दुकानातील तुरीच्या काट्यावर तोलली. भरली २ क्विंटल १५ किलो! गणिताच्या मुलांनी लगेच हिशेब मांडला. एक पुस्तक सरासरी ३०० ग्रॅम धरले, तर ६०० पुस्तकांचे वजन १८० किलो होते. म्हणजे पुस्तके भरूनही गाडी पूर्वीपेक्षा हलकीच. परंतु वजन किती याबरोबरच ते कोठे, हेही पाहावे लागते. टपालगत ठेवलेले वजन गाडीचा गुरुत्वमध्य वर नेते आणि वळणावर गाडी कलते. सर्व वजन एका अंगाला ठेवले तर त्या बाजूचे कमानीचे पाटे दबतात. म्हणून जड ग्रंथ तळाशी, हलकी पुस्तके वर, आणि दोन्ही अंगांना भार सारखा, अशी मांडणी ठरविली.

आता पुस्तकांसाठी नवी कपाटे करावयाची, तर ती कशी? येथे बडोद्याचा दाखला उपयोगी पडला. श्रीमंत सयाजीराव गायकवाड महाराजांनी १९१० मध्ये अमेरिकेतील ग्रंथपाल विल्यम बॉर्डन यांना बोलावून आपल्या संस्थानात ग्रंथालयांचे जाळे विणले, तेव्हा लाकडी पेट्यांत पुस्तके भरून त्या पेट्या खेडोपाडी धाडल्या जात. पेटी हेच कपाट आणि पेटी हेच वाहन. आमच्या सोडविलेल्या फळ्यांतून मामांनी तशाच सोळा पेट्या करून दिल्या. गाडीच्या तळाला दोन लोखंडी पट्ट्या आहेत; त्यांत पेट्या सरकतात आणि प्रत्येकीला दोन बोल्ट आहेत. तांड्यावर पोहोचलो की चार पेट्या उतरून तेथील शाळेत राहतात आणि आधीच्या चार परत येतात. मराठी, कन्नड, हिंदी आणि उर्दू अशा चार भाषांची पुस्तके त्यांत असतात, कारण आपल्या सीमाभागातील घरांत या चारही भाषा नांदतात.

मी समुद्रकिनाऱ्यावरची. आमच्या कोकणी मुलखात पूर्वी खिळा न मारता काथ्याच्या दोरीने फळ्या शिवून होड्या बांधीत. शिवण कुजली तर ती उसवावी, फळी बदलावी आणि पुन्हा शिवावी. ही जुनी विद्या आता पुन्हा हाती घेण्यात आली आहे. अजिंठ्याच्या लेण्यातील एका जहाजाच्या चित्रावरून गोव्यात शिवलेले जहाज बांधले गेले, आणि २१ मे २०२५ रोजी कारवार येथे ते 'कौंडिण्य' या नावाने भारतीय नौदलात दाखल झाले. लहानपणी मला वाटे की शिवलेली वस्तू कच्ची आणि ठोकलेली वस्तू पक्की. या गाडीने तो समज दुरुस्त केला. पुन्हा सोडविता येते तेच दुरुस्त होते, आणि दुरुस्त होते तेच टिकते.

शेवटी त्या देवांच्या कपाटाविषयी. ते चौदाव्या क्रमांकाचे होते, म्हणजे सर्वांत शेवटी बसविलेले. आम्ही ते चार स्क्रू सोडवून, पुडीत घालून, पुसूनपासून आजींच्या घरी घेऊन गेलो, आणि आधी पहिल्या दिवसाबद्दल क्षमा मागितली. आजींनी पुडी उघडली, स्क्रू तळहातावर घेऊन मोजले आणि म्हणाल्या, "चारही आहेत. ते असते तर त्यांनीही आधी हेच पाहिलं असतं." मामांनी ते कपाट त्यांच्या स्वयंपाकघरातील भिंतीवर त्याच चार स्क्रूंनी बसवून दिले. फाटलेली तिसरी फळी मात्र कोणत्याही पेटीच्या कामी आली नाही. ती शाळेच्या कार्यशाळेत, हत्यारांच्या फळीशेजारी टांगून ठेवली आहे. हत्यार उचलण्यापूर्वी तिच्यावरील आकडा एकवार पाहून घ्यावा, एवढेच सांगणे आहे.